मैनाच्या दुधावर वाढलेला घोडा

व्हाईट गोल्ड या घोड्याची छापील माहिती चार ओळींची आहे. रंग तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. बाप परदेशातून आणलेला, आई पुण्याच्या मैदानावर धावलेली. जन्म आणि संगोपन दारव्हा तालुक्यातल्या स्टड फार्मवर. शेवटी मालक, ट्रेनर आणि जॉकी यांची नावं. त्याने पुण्याच्या मोसमातली मोठी शर्यत जिंकली त्या वेळी हीच माहिती सगळ्या वर्तमानपत्रांत आली. आमच्याही पत्रात आली. तिच्यातला एक शब्द खोटा आहे. तो म्हणजे संगोपन.

मी दारव्हा तालुक्याची वार्ताहर होते. तालुक्याच्या वार्ताहराला ऑफिस नसतं. बातमी घरच्या ओट्यावर लिहायची, पाकिटात घालायची आणि यवतमाळला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. पाकीट पोचलं तर बातमी, बसमध्ये राहिलं तर रद्दी. बाजारभाव, निधनवार्ता, अपघात, मंत्र्यांचा दौरा, सगळं एकाच हाताने. माझ्या पहिल्या संपादकांनी एकच शिस्त लावली होती. आपण पाहिलेलं आणि आपल्याला कोणी सांगितलेलं, यांची सरमिसळ करायची नाही. पुढच्या मजकुरात जे मला सांगितलं गेलं तिथे मी तसं म्हटलं आहे. बाकीचं मी उभी राहून पाहिलं.

ती वर्षं कापसाच्या संकटाची होती. मुंबई-दिल्लीचे पत्रकार गाड्या घेऊन यायचे, संध्याकाळपर्यंत तीन-चार गावं करायचे आणि नागपूरचं विमान गाठायचे. आमच्या डेस्कवरून मात्र उलटा निरोप असायचा: जिल्ह्यातून जरा चांगलंही काही पाठवा. या चांगल्याच्या शोधात मी पहिल्यांदा त्या फार्मवर गेले.

फार्म म्हणजे बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी. बोरी अरबच्या रस्त्यावर, दारव्ह्यापासून जवळ. कापूस येईनासा झाला, तेव्हा फॅक्टरीच्या मालकाने, ज्याला सगळे सेठ म्हणत, यंत्रं विकली आणि रुईच्या गोदामांत घोड्यांसाठी कप्पे पाडले. कापसाच्या गाड्या रांगेने उभ्या राहायच्या त्या आवारात घोड्यांच्या चाऱ्यासाठी लसूणघास लावला. बाहेरची शेतं आभाळाकडे पाहत होती, आत घासाला दोन वेळा पाणी होतं. तालुक्यात भारनियमन सुरू असे आणि घोड्यांचे पंखे जनरेटरवर फिरत. यात बेकायदा काही नव्हतं. पाणी त्याच्या विहिरीचं, जनरेटर त्याचा.

शर्यतीच्या घोड्यांचं जग बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. या घोड्यांना थरोब्रेड म्हणतात. त्यांची वंशावळ मागे मागे नेली तर इंग्लंडमधल्या तीन वळू घोड्यांपाशी थांबते. म्हशीला सरकारी दवाखान्यात सुई देऊन गाभण करता येतं, तसं इथे चालत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावे लागतात, नाही तर पिल्लाची नोंद होत नाही. वर्षात कधीही जन्मलं तरी पिल्लाचा वाढदिवस एक जानेवारीलाच धरतात. म्हणून डिसेंबरात व्यायला आलेल्या घोडीपुढे सगळे हात जोडून उभे असतात. एक जानेवारीच्या दोन दिवस आधी जन्मलेलं शिंगरू दोन दिवसांत एक वर्षाचं ठरतं आणि जन्मभर आपल्यापेक्षा मोठ्यांशी पळतं.

सेठने पुण्याच्या लिलावातून एक गाभण घोडी आणली होती. ती जानेवारीत व्याली, वेळ अगदी साधली. शिंगरू नर, तांबूस, लांब पायांचं. त्याने आईचा चीक प्यायला आणि दुसऱ्या दिवशी आई मेली. पोटात रक्तस्राव झाला होता, असं मला नंतर पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सांगितलं.

आईविना शिंगरू जगवायचे दोन मार्ग. एक, परदेशी दुधाची पावडर. तिचे डबे फार्मवर होते, फडताळात एकावर एक रचलेले, मी मोजले नाहीत पण फडताळ भरलेलं होतं. दुसरा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे दाई घोडी. नुकतीच व्यालेली एखादी साधी, गावठी घोडी आणायची, तिचं शिंगरू बाजूला करायचं आणि तिच्या कासेला हे लावायचं. जगभर हेच करतात. बाजूला केलेल्या शिंगराचं काय होतं, हे कुठल्याही वंशावळीत लिहिलेलं नसतं.

बोरी अरबच्या बौद्धपुऱ्यात देवराव राहायचे. त्यांच्याकडे मैना नावाची पांढरी घोडी होती, लग्नाच्या वरातीची. ही घोडी का पाळली, ते देवरावांनीच सांगितलं.

"आमच्या मानसाले कोनी घोडी देत नोव्हतं ताई. नवरदेव पायी जाय. माह्या बापानं शेळ्या इकल्या अन् घोडी आनली. म्हने, आता कोनाच्या दारात जाची गरज नाई." बापाची घोडी, मग तिची लेक मैना. मैना आता म्हातारी होत चालली होती आणि उशिराने, बहुधा शेवटची, व्याली होती. बछेरी झाली होती, आईसारखीच पांढरी निघेल अशी. वस्तीची पुढची घोडी तीच होती. दुसरी नव्हती.

फार्मचा मॅनेजर जीप घेऊन देवरावांच्या दारात आला. ठरलं ते असं: मैना शिंगरू पाजायला फार्मवर येईल, बछेरीही सोबत येईल आणि फार्म बछेरीला पावडरच्या दुधावर वाढवेल. हे मला देवरावांनी सांगितलं आणि मॅनेजरनेही नाकारलं नाही.

मैनाला नवं पिल्लू लावताना मी हजर होते. मला आईविना शिंगराची गोड बातमी हवी होती. तिच्या बछेरीच्या अंगाखालचं गोणपाट आणून शिंगराला गुंडाळलं, म्हणजे वास तिचा यावा. मैनाच्या नाकपुड्यांना सर्दीचा बाम चोळला. तरी ती लाथ उगारत होती, म्हणून वरच्या ओठाला दोरीचा पीळ घातला. पिळाने घोडी सुन्न उभी राहते. शिंगरू ढुशा देऊन पिऊ लागलं. पण चार घोट झाले की मैना पान्हा चोरायची. बछेरी शेजारच्या कप्प्यात होती आणि खिंकाळत होती.

"हिला ऐकू येतंय तोवर ही दूध सोडणार नाही," मॅनेजर म्हणाला. तो पुण्याचा, या विषयात शिकलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. "तिला लांब न्या."

देवरावांनी बछेरी घरी नेली. पावडरचा डबा मागाहून पाठवतो, असं मॅनेजर माझ्यासमोर म्हणाला.

डबा आला नाही. देवरावांची बायको कमलाबाई बछेरीला शेळीचं दूध बाटलीने पाजत होती. मी गेले तेव्हा बछेरीला हगवण लागलेली होती आणि तिच्या फासळ्या दिसत होत्या. मी देवरावांना माझ्या मोपेडवर मागे बसवलं आणि फार्मवर नेलं. मॅनेजरने आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा दिला. पुढचा संवाद मी त्याच दिवशी लिहून काढला होता.

"साहेब, डब्बा देतो म्हनलं होतं तुमी."

"हो, पण अडचण आहे. प्रत्येक डबा शिंगराच्या नावावर टाकावा लागतो. तुमच्या बछेरीची नोंदच नाही. डबा कोणाच्या नावाने फोडू?"

"तिच्या नावानं फोडा."

"तिला नाव आहे का?"

"नाव कायले नाई? आत्ता ठेवतो. राणी लिहा."

"असं चालत नाही देवराव. घोड्याचं नाव आधी मंजूर व्हावं लागतं."

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या पोरायचे नावं बिना मंजुरीचेच हायेत ताई," ते म्हणाले. "तरी भाकरी खातेत."

मॅनेजर हसला. माणूस विनोदाला हसतो तसा हसला आणि डबा दिला नाही. मग शिंगरू पावडर पितं का, असं मी विचारलं. म्हणाला, नाही, आता घोडीचं दूध मिळतंय, पावडर कशाला? मग हे सगळे डबे कोणासाठी आहेत? पुढच्या हंगामातल्या शिंगरांसाठी, तो म्हणाला. म्हणजे अजून गाभण न राहिलेल्या घोड्यांच्या अजून न जन्मलेल्या पिल्लांसाठी.

पशुवैद्यकीय डॉक्टरांचं मत मी विचारलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं: दोन्ही पिल्लं मैनाला आलटून पालटून लावा आणि कमी पडेल ते दोघांनाही पावडरवर भागवा, दोन्ही जगतील. ते मी मॅनेजरला ऐकवलं. त्याचं उत्तर आलं, "थरोब्रेडच्या वाट्याचं दूध मी वाटून देऊ शकत नाही, मॅडम. एक घोडी, एक शिंगरू." हा नियम त्याला कोणी शिकवला होता की त्याने स्वतःच केला होता, कळलं नाही.

त्या दिवशी मी बातमी दिली, डॉक्टरांच्या मतासह. ती छापली गेली नाही. त्या दिवशी पानावर जागा नव्हती, असं मला सांगितलं गेलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मला दारव्ह्याच्या स्टँडवर बोरीच्या जीपवाल्याने हाक मारली. "ताई, देवराव सेठच्या फाटकावर बसला हाये. बछेरी घेऊन." मी गेले. कमलाबाई फाटकाबाहेर मातीत बसलेली होती, बछेरीचं डोकं तिच्या मांडीवर. देवराव फाटकाच्या गजांना धरून उभे होते.

"माही घोडी मले द्या. तुमचं काई नको."

आतून मैना ओरडत होती. बछेरीचा वास की आवाज, तिला काहीतरी पोचलं होतं. तिने शिंगराला लाथ मारली, असं आतला नोकर येऊन सांगून गेला. मॅनेजरचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदललेला पाहिला. त्याने फाटकाला कुलूप घातलं आणि पोलिसांना फोन लावला. कारण दिलं, देवराव घोडी पळवायला आला आहे.

हवालदार मोटरसायकलवर आला.

"घोडी कोनाची?"

"याची आहे," मॅनेजर म्हणाला, "पण सध्या फार्मच्या ताब्यात आहे."

"म्हंजे याचीच."

"सेठना विचारल्याशिवाय सोडता येणार नाही."

"मंग इचारा ना."

सेठ मुंबईत शर्यती पाहत होता. फोन कोणीतरी दुसऱ्याने उचलला आणि सेठ फोन करतील, असं सांगितलं. आम्ही सगळे त्या फोनची वाट पाहत राहिलो. हवालदार सावलीत उभा राहिला. कमलाबाई बोटाने बछेरीच्या ओठांवर दूध लावत होती.

"निदान आईचं दूध पिळून तरी आनून द्या ना भाऊ," ती मॅनेजरला म्हणाली. "वाटीभर. तुमचं काय जाते?"

"तेवढं शिंगराला कमी पडेल, बाई."

"त्याले कमी पडन. अन् हिले?"

तो आत गेला. मुंबईहून फोन येण्याआधी बछेरी मेली. तिची मान कमलाबाईच्या मांडीवरून घसरली, तेव्हा हवालदाराने फाटकाला काठी मारली आणि कुलूप उघडायला लावलं. कोणाचीही परवानगी लागली नाही. फाटक आधीही असंच उघडता आलं असतं. कोणी विचारलं की मी आजही हेच सांगते आणि आजही माझा आवाज चढतो.

मैना बाहेर आली, तिने मेलेल्या बछेरीला हुंगलं आणि तिथेच उभी राहिली. बछेरीला बोरीला नेऊ, असं मी सुचवलं. देवराव नाही म्हणाले.

"इथंच."

मॅनेजरने रोगराईचं कारण पुढे केलं. हवालदार त्याला म्हणाला, "साहेब, आता चुप रहा." तारेच्या कुंपणाबाहेर, फाटकाच्या उजव्या अंगाला बाभळीखाली खड्डा काढला. फावडं फार्मचंच होतं. मग देवराव मैनाला घेऊन पायी बोरीला गेले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर देवरावांच्या दारात उभा होता. शिंगराने रात्रभर बाटली तोंडात घेतली नव्हती. एक घोडी एक शिंगरू हा नियम त्याने इतका पाळला होता की शिंगराला बाटलीची सवयच लावली नव्हती. आता मैना परत द्या, म्हणून तो देवरावांना विनवत होता. सेठचा मुंबईहून फोन आला होता.

कमलाबाई दारातच उभी राहिली. "कायले आला? आमच्या लेकराच्या वक्ती तुले नाव पाह्यजे होतं ना? आता या घोडीचं नाव कोनत्या साहेबानं मंजूर केलं, ते सांग."

देवराव मागच्या अंगणात जाऊन आले. मैनाची कास दगडासारखी टणक झाली होती. दूध निघालं नाही तर कास सडते, हे घोडी पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

"घोडी येनार नाई," ते शेवटी म्हणाले. "पोट्ट्याले इथं आना. अन् तिच्या ओठाले दोरी लावाची नाई."

"तू काहून हो म्हनून राह्यला?" कमलाबाई नवऱ्यावर ओरडली.

"मैनाले ताप भरून राह्यला, दिसत नाई? त्या पोट्ट्यासाठी हो नाई म्हनत मी."

शिंगरू ट्रकमधून आलं. या वेळी पीळ लागला नाही, बाम लागला नाही. मैनाने त्याला हुंगलं, कान मागे टाकले, आणि कास दुखत असल्यामुळे असेल, पिऊ दिलं. ज्याची वंशावळ इंग्लंडपर्यंत जाते, तो घोडा दूध तुटेपर्यंत बोरी अरबच्या बौद्धपुऱ्यात, देवरावांच्या मागच्या अंगणात, शेळ्यांच्या शेजारी वाढला. मॅनेजर रोज सकाळी थर्मामीटर घेऊन यायचा आणि बाहेरच्या बाजेवर बसायचा. वस्तीतली माणसं त्याला पाहायला जमायची. "साहेब, आज तुमच्या पोट्ट्यानं माही कोथिंबीर खाल्ली, कोनाच्या नावावर टाकू?" असं शेजारीण विचारायची आणि सगळे हसायचे. मॅनेजरही हसायचा. कमलाबाई कधी हसली नाही. तिने त्या शिंगराला हात लावला नाही आणि कोणत्याही नावाने हाक मारली नाही. सेठचं, एवढंच म्हणायची.

पावसाळ्यात शिंगराला ट्रकमधून नेलं. सेठने त्याचं नाव ठेवलं व्हाईट गोल्ड. तांबूस घोड्याचं हे नाव का, असं मी विचारलं होतं. "आमचा धंदा कापसाचा ना मॅडम, पांढरं सोनं," सेठ म्हणाला. कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत त्याला हे नाव सुचलं आणि ते मंजूरही झालं.

पुढची मैदानावरची कहाणी मी फक्त वाचली आहे. दोन वर्षांचा असताना ट्रेनरकडे गेला, तीनचा असताना लागोपाठ जिंकला, चारचा झाला आणि मोठी शर्यत मारली. त्या दिवशी डेस्कवरून फोन आला. आवाजात आनंद होता. "अहो, तुमच्या तालुक्याचा घोडा! पहिल्या पानावर घेतोय, भरपूर लिहा."

मी भरपूर लिहिलं. त्याचा बाप, त्याची आई, मैना, बछेरी, बंद फाटक, बोरीचं अंगण. एकेक वाक्य तपासून लिहिलं. संध्याकाळी वृत्तसंपादकांनी स्वतः फोन केला.

"कॉपी चांगली आहे. पण घोड्याच्या बातमीत घोडा असू द्या. बाकीचं वेगळं कधीतरी करू."

"बाकीचं काढलं तर हा घोडा जिवंत कसा राहिला?"

"वाचकाला तो जिंकला हे हवं आहे."

"मग 'संगोपन स्टड फार्मवर' हे तरी काढा. ते चूक आहे."

"ते अधिकृत माहितीत आहे."

दुसऱ्या दिवशी चार ओळी, सेठचा फोटो, आणि मथळ्यात यवतमाळच्या मातीचा अभिमान. संकटाच्या काळात जिल्ह्याला दिलासा, असंही एक वाक्य होतं. ते मी लिहिलेलं नव्हतं. नोकरीची पुढची सगळी वर्षं मी ते 'वेगळं कधीतरी' दर दिवाळीला पाठवत राहिले. आता निवृत्त झाल्यावर इथे छापायला मिळतंय, या अंकाच्या संपादकांना माहीत आहे मी किती भांडले ते.

घोडा जिंकला त्याच आठवड्यात दारव्ह्यात सेठची मिरवणूक ठरली. घोडा पुण्याला होता, तो येणार नव्हता. चांदीचा चषक मिरवायचा होता आणि चषक हातात घेऊन सेठ घोडीवर बसणार होता. मी तेव्हा बोरीला देवरावांकडे बसले होते, बातमीतलं काय छापलं नाही ते त्यांना समोर बसून सांगायला. मैना आदल्या पावसाळ्यात गेली होती. मागचं अंगण रिकामं होतं. त्या उन्हाळ्यात वस्तीतले दोन नवरदेव दारव्ह्याच्या जीपमधून गेले होते आणि एकासाठी नेरहून घोडी मागितली, तर मालकाने आधी वस्तीचं नाव विचारलं आणि मग घोडी आजारी आहे म्हणून सांगितलं. कमलाबाई हे मला सांगत असतानाच मिरवणूक समितीची दोन माणसं मोटरसायकलवरून उतरली. नवी पोरं, त्यांना काही माहीत नव्हतं.

"देवरावभाऊ, तुमच्याकडं पांढरी घोडी हाये म्हंतेत वरातीची. सेठच्या मिरवणुकीले पाह्यजे. भाड्याचं बोला."

देवराव बाजेवरून उठले नाहीत. "हाये ना," ते म्हणाले. "चार वर्साची झाली आता. चांगली जवान हाये."

"मंग दाखवा."

"इथं नाई. सेठच्याच फाटकापाशी हाये. उजव्या अंगाले, बाभळीखाली. सेठले म्हना, फावडं घेऊन ये."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं म्हाताऱ्याने चढवली आहे. ते कारंजा गावी गेले आणि तिथून घोडी मिळवली. मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. तिची बातमी मी दिली नाही.